मागचा दिवा कोणाचा?

खर्डीच्या आमच्या एका स्नेह्यांकडे १९५६ सालची फियाट अकराशे आहे. तिच्या गुबगुबीत पाठीमुळे मुंबईकरांनी जिला 'डुक्कर फियाट' हे प्रेमळ नाव दिले, तीच ही गाडी. वडिलांनी घेतलेली, मुलाने जपलेली. गेल्या पावसाळ्यात त्यांनी तिच्या मागच्या दोन दिव्यांतले तारेचे बल्ब काढून त्यांच्या जागी लाल एलईडी बल्ब बसवले. लाल काच तीच, काचेभोवतीची कडी तीच, होल्डरही तोच. बदलला तो फक्त आतला बल्ब. एवढ्याशा गोष्टीवरून परिचितांच्या वर्तुळात अभिरुचीच्या नावाने जो गहजब झाला, त्याचा समाचार घेणे एरवी मला आवश्यक वाटले नसते. परंतु या गहजबात सर्वात चढा सूर आमच्याच प्राध्यापक-कक्षातून, तोही मराठी विभागातून लागला. आमचे एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "हे म्हणजे लीळाचरित्र आजच्या प्रमाण मराठीत लिहून काढण्यासारखं झालं. मग लीळाचरित्र कशाला म्हणायचं त्याला?" वाक्य टाळीबाज होते आणि ते चुकीचे होते. ते का चुकीचे होते, हे सांगणे एका मराठीच्या अध्यापकावर तरी ऋण आहे असे मी मानतो.

आधी पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडू. जुनी गाडी ही केवळ वाहन नसून एका काळाचा दस्तऐवज आहे. तारेच्या बल्बचा तो पिवळसर, किंचित उशिरा पेटणारा आणि विझताना रेंगाळणारा लाल उजेड हाही त्या दस्तऐवजाचा भाग आहे. एलईडीचा उजेड खटक्यासरशी लागतो आणि खटक्यासरशी जातो. त्याच्या स्वभावातच आजचा काळ आहे. शिवाय आज बल्ब बदलला, उद्या वायरिंग बदलेल, परवा इंजिन, आणि शेवटी नाव तेवढे फियाटचे उरेल. आणि रस्त्यावरच्या धोक्याचीच चिंता असेल तर अशी गाडी रात्री काढूच नये. हा पूर्वपक्ष मूर्खपणाचा नाही. त्या पिवळसर उजेडाची ओढ मलाही आहे. पण ओढ हा युक्तिवाद नव्हे.

मुळात एक साधी गोष्ट या सगळ्या चर्चेत कोणी विचारात घेतली नाही. गाडीचा मागचा दिवा गाडीच्या मालकाला कधीच दिसत नाही. गाडीतल्या इतर प्रत्येक वस्तूशी मालकाचा काही ना काही संबंध येतो. स्टिअरिंग त्याच्या हातात असते, आसन त्याच्या पाठीशी असते, पुढचे दिवे त्याला रस्ता दाखवतात, हॉर्नदेखील त्याच्या कानावर पडतो. मागचा दिवा मात्र पूर्णपणे परक्याचा असतो. जो मागून येतो, ज्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही, ज्याला आपली गाडी विंटेज आहे की भंगार याच्याशी कर्तव्य नाही, त्याच्यासाठी तो लावलेला असतो. तेव्हा या दिव्याच्या बाबतीत 'मला तो कसा दिसावा' हा प्रश्न विचारण्याचा अधिकार मालकाला नाही आणि मालकाच्या रसिक मित्रांना तर मुळीच नाही. त्या दिव्याबाबत एकच प्रश्न वैध आहे: मागच्याला तो दिसतो का?

आमच्या स्नेह्यांना या प्रश्नाचे उत्तर खर्डी आणि कसाऱ्याच्या दरम्यान, आषाढातल्या एका दुपारी मिळाले. रात्री नव्हे, दुपारी. ज्यांनी हा भाग पाहिला आहे त्यांना सांगायला नको की, घाटाच्या पायथ्याशी ढग रस्त्यावर उतरले म्हणजे दुपारचे तीन आणि संध्याकाळचे सात यांत फरक राहत नाही. पुढे म्हशी आडव्या आल्या म्हणून त्यांनी ब्रेक दाबला. मागून येणारा टेम्पो कसाबसा डावीकडच्या कच्च्या पट्टीवर उतरला आणि चिखलात रुतून थांबला. टेम्पोवाला खाली उतरला तो भांडायला नव्हे. त्याचेच हात कापत होते. तो एवढेच म्हणाला, "सायब, तुमी बिरेक मारला त्ये दिसलंच नाय." टेम्पोच्या जागी मोटारसायकल असती तर हे वाक्य बोलायला कोणी उरले असते की नाही, सांगता येत नाही. त्या रस्त्याने आमचे विद्यार्थी मोटारसायकलवरून ये-जा करतात. आत्म्याची चर्चा करताना हेही आत्मे हिशेबात धरावेत, एवढीच विनंती आहे.

आता यामागचे पदार्थविज्ञान. ते भाषेच्या अध्यापकाला समजेल इतपतच सोपे आहे. जुन्या पद्धतीच्या बल्बमध्ये सर्वसाधारणपणे दोन तारा असतात: एक पाच वॅटची, नेहमी जळणारी, आणि दुसरी एकवीस वॅटची, ब्रेक दाबल्यावर पेटणारी. तार तापल्याशिवाय उजेड पडत नाही आणि तापायला वेळ लागतो. पूर्ण उजेड पडेपर्यंत साधारण एक पंचमांश सेकंद जातो. एलईडीला तापावे लागत नाही. एक पंचमांश सेकंद म्हणजे किती? मागचे वाहन ताशी ८० किलोमीटरने येत असेल, तर तेवढ्या वेळात ते सुमारे साडेचार मीटर पुढे सरकते. ही लांबी त्या अख्ख्या फियाटपेक्षा जास्त आहे. ज्या रेंगाळत्या उजेडाला आपण काव्य म्हणतो, त्याची किंमत मागचा माणूस एका गाडीच्या लांबीइतक्या रस्त्याने चुकवत असतो. जुनी गाडी मुळात हळू चालते. म्हणजे तिच्या मागे येणारा प्रत्येक जण तिच्या दिशेने अधिक वेगाने येत असतो. जी गाडी सर्वात हळू, तिचा मागचा दिवा सर्वात स्पष्ट हवा, हे सांगायला तज्ज्ञाची गरज नाही.

पण इथेच मला पूर्वपक्षाला एक गुण द्यायचा आहे, आणि तो देताना त्यांच्या हातातले मुख्य शस्त्रही काढून घ्यायचे आहे. स्नेह्यांनी गाडी नाक्यावरच्या इलेक्ट्रिशियनकडे नेली, तेव्हा त्याने एलईडीचे नावसुद्धा काढले नाही. तो म्हणाला, "सर, आधी अर्थिंग बघू, मग काय लावायचं ते लावा." होल्डर गंजला होता. बल्बच्या मागचा चकचकीत पत्रा काळवंडला होता. काचेवर आतून धुळीचा थर होता. तारेच्या बल्बची खोड अशी की, त्याला मिळणारा दाब दहा टक्क्यांनी कमी झाला तर उजेड दहा टक्क्यांनी नव्हे, जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतो. गंजलेल्या सांध्यांतून जाताना वीज हा एवढा दाब सहज गमावते. आता विचार करा. आमचे सहकारी ज्या मिणमिणत्या उजेडाला 'मूळ' म्हणून कवटाळत होते, तो १९५६ चा उजेड नव्हताच. तो साठ-सत्तर वर्षांच्या गंजाचा उजेड होता.

ही चूक आपल्या क्षेत्रात आपण चांगली ओळखतो. नकलून नकलून पाठ बिघडतो, लेखनिकांचे प्रमाद मूळ कवीच्या नावावर जमा होतात, आणि काही पिढ्यांनी त्या प्रमादांनाच सोवळे चढते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती याच कारणासाठी. 'आहे तेच पवित्र' असे त्यांनी मानले असते, तर आपल्या हाती काय आले असते? तेव्हा जुन्या वस्तूच्या सद्यःस्थितीला मूळ स्थिती समजणे हा भक्तीचा नव्हे, तर आळसाचा प्रकार आहे. होल्डर घासणे, अर्थिंग नीट करणे, काळवंडलेला पत्रा पुन्हा उजळणे या कामाला मी पाठशुद्धी म्हणेन. ती व्हायलाच हवी आणि ती आधी व्हायला हवी. गंजलेल्या होल्डरात महागडा एलईडी ठोकणारा मालक हा शुद्धतावाद्याइतकाच दोषी आहे.

पाठशुद्धीनंतरही दिवा अपुरा वाटला तर? १९५६ साली खर्डीवरून जाणाऱ्या मुंबई-आग्रा रस्त्यावर जी वर्दळ होती आणि जो वेग होता, तो आज नाही. मागच्याची नजर आजच्या झगमगाटाला सरावलेली आहे. दोन प्रखर दिव्यांच्या मधला एक मंद दिवा तिला दिसतच नाही. इथे एलईडीचा प्रश्न येतो, आणि त्याला मी लिप्यंतर म्हणतो. राजवाडे १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापू लागले, तेव्हा मोडीतले कागद त्यांनी देवनागरीत आणले. शब्द तेच, लिपी वाचणाऱ्याची. मूळ कागद कोणी जाळला नाही. एलईडी बल्ब नेमके हेच करतो. संदेश तोच: 'मी इथे आहे, मी थांबतो आहे.' तो संदेश वाचणाऱ्याला वाचता येईल अशा रूपात येतो, इतकेच. लीळाचरित्र प्रमाण मराठीत लिहिले तर वाक्य बदलते, लय बदलते, म्हाइंभटांचा आवाज जातो. म्हणून सहकाऱ्यांची उपमा लागू पडत नाही. दिव्याच्या भाषेत एकच शब्द आहे आणि त्याचा रंग लाल आहे. तो शब्द बदललेला नाही.

लिप्यंतरालाही नियम असतात, आणि ते न पाळणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही. लाल काचेच्या आत पांढरा एलईडी लावला तर उजेड गुलाबी फुटतो; लाल काचेमागे लालच हवा. स्वस्त बल्बांत नेहमीचा उजेड आणि ब्रेकचा उजेड यांत फरकच जाणवत नाही, म्हणजे वाक्यातले विरामचिन्हच गायब. जुन्या दिव्यातला परावर्तक पत्रा एका बारीक तापलेल्या तारेसाठी घडवलेला असतो; ज्या एलईडीचा उजेड एकाच दिशेला पडतो, तो त्यात उलट मंद दिसू शकतो, म्हणून चहूबाजूंनी उजेड फेकणाराच निवडावा आणि रस्त्यावर मागे जाऊन आपल्या डोळ्यांनी पाहावा. वळणाचे दिवेही बदलले तर जुना फ्लॅशर गोंधळतो, कारण तो बल्बने ओढलेल्या विजेवर चालतो आणि एलईडी फारच थोडी वीज ओढतो. मग फ्लॅशरही बदलावा लागतो. काही जुन्या विलायती गाड्यांत बॅटरीचे धन टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असते; तिथे साधा एलईडी पेटणारच नाही. हे सगळे तपशील कंटाळवाणे आहेत, पण संपादनही कंटाळवाणेच काम असते.

तिसरा प्रकार प्रक्षेपाचा. मूळ काच फोडून तिथे धावत्या दिव्यांची पट्टी बसवणे, निळा उजेड सोडणे, ब्रेक दाबला की लुकलुक करणारी आरास करणे. याला माझा विरोध आहे, आणि तो त्याच तत्त्वावर आहे. पुढच्या दिव्यांबाबतही तेच. जुन्या परावर्तकात घुसवलेला पांढराशुभ्र एलईडी उजेड विस्कटून समोरच्याचे डोळे दिपवतो. तिथे मी शुद्धतावाद्यांच्या बाजूने उभा राहीन. ही विसंगती नव्हे. दोन्हीकडे प्रश्न एकच आहे: परक्या माणसाच्या डोळ्याचे काय होते? मागच्या दिव्यात एलईडी त्या डोळ्याची सेवा करतो, पुढच्या दिव्यात त्याच डोळ्यावर आघात करतो. तत्त्व एकच असले की निष्कर्ष दोन निघू शकतात. एका निष्कर्षाला तत्त्व समजणारे मात्र दोन्हीकडे चुकतात.

'आज बल्ब, उद्या इंजिन' हा घसरणीचा युक्तिवाद त्यामुळे टिकत नाही. कोठे थांबायचे हे सांगता येते, आणि ज्यांनी या विषयात आयुष्य घातले त्यांनी ते सांगून ठेवले आहे. जुन्या वाहनांच्या 'फिव्हा' या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली मंजूर केलेल्या ट्यूरिन सनदेचा आशय असा: वाहन वापरात राहण्यासाठी बदल अपरिहार्य असतील तर ते लपते असावेत, मूळ रूपाला धक्का न लावणारे असावेत, शक्यतो उलटवता येणारे असावेत, आणि काढलेले मूळ भाग गाडीबरोबर जपून ठेवावेत. आमच्या स्नेह्यांनी जुने बल्ब एका डब्यात, कापसात गुंडाळून, डिकीत ठेवले आहेत आणि तारीख घातलेली चिठ्ठीही. संपादकीय टीप याहून वेगळी काय असते? आपला कायदाही इतका सोवळा नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत विंटेज वाहनांची तरतूद केली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी विंटेज. मूळ रूप मोडते ते कशाने, याची उदाहरणे देताना त्या व्याख्येने सांगाडा, बाह्य कवच आणि इंजिन यांची नावे घेतली. बल्बचे नाव घेतलेले नाही. राजाहून अधिक राजनिष्ठ होण्याचे आपल्याला कारण नाही.

आणि 'मूळपणा' म्हणजे काय, हे मुंबईने नुकतेच दाखवून दिले आहे. २००३ साली नोंदलेली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३ रोजी रस्त्यावरून उतरली, तेव्हा वर्तमानपत्रांनी आणि मुंबईकरांनी केवढे हळहळावे! याच फियाट अकराशेच्या वंशातली ती गाडी, वालचंद हिराचंदांनी स्थापन केलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. पण ज्या काळ्या-पिवळ्या पद्मिनींसाठी आपण हळहळलो, त्यांच्या डिकीत सीएनजीची टाकी होती आणि बॉनेटबाहेरच्या लोखंडी मीटरची जागा इलेक्ट्रॉनिक मीटरने घेतली होती. त्या दिवशी कोणी म्हणाले का, की ही पद्मिनीच नव्हे? बदलत राहिली म्हणूनच ती इतकी वर्षे आपली राहिली. गरिबाच्या टॅक्सीला जी मुभा आपण विनातक्रार देतो, ती हौशी माणसाच्या गाडीला नाकारतो. याचा अर्थ असा की, जी वस्तू कामात आहे तिच्याकडे आपण माणसासारखे पाहतो आणि जी संग्रहात आहे तिच्याकडे मूर्तीसारखे.

खर्डी स्टेशनावर हा धडा रोज गिरवला जातो. लांब पल्ल्याची गाडी न थांबता धडधडत जाते, तेव्हा स्टेशनवरचा कर्मचारी शेवटच्या डब्याकडे पाहतो. दिवसा तिथे 'एलव्ही' अशी पाटी, रात्री लाल दिवा. तो दिसला की गाडी पूर्ण गेली, मागे एखादा डबा सुटून राहिला नाही, हे कळते. त्या दिव्याशिवाय गाडीचे वाक्य पूर्ण होत नाही. एके काळी तो रॉकेलचा होता; आज विजेवर लुकलुकतो. रॉकेलच्या त्या दिव्याचे चाहते आजही असतील, पण घाट चढणाऱ्या गाडीला तो लावा असे म्हणणारा एकही नाही. तसेच १८८२ सालचे 'संगीत सौभद्र' विजेच्या दिव्यांत झाले नव्हते, आणि आज ते विजेच्या दिव्यांत होते म्हणून कोणी तिकिटाचे पैसे परत मागत नाही.

राहता राहिला काळाचा मुद्दा, की एलईडी हा आजचा आणि म्हणून परका. दृश्य लाल उजेड देणारा एलईडी निक होलोन्याक यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये बनवला तो १९६२ साली. आपल्या साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियमही त्याच वर्षीचे. ५० वर्षांची कसोटी लावली तर लाल एलईडी स्वतःच विंटेज ठरतो! आणि ज्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले, त्या नियमांनुसार एकोणिसाव्या शतकातले गद्य आपण पाठ्यपुस्तकात छापतो आणि शिकवतो. तेव्हा आपल्याला आगरकरांचा आत्मा हरवल्यासारखा वाटत नाही. कारण समोर बसलेल्या मुलाला वाचता येणे आपल्याला महत्त्वाचे वाटते. निदान वाटायला हवे.

माझ्या मते खरी गोची इथेच आहे. डोळखांबहून, मुरबाडच्या वाड्यांवरून, घरात पुस्तक पाहिलेली पहिलीच पिढी म्हणून जी मुले आमच्या वर्गात येतात, त्यांच्यासमोर आपण जुना ग्रंथ टीप न देता, अर्थ न उलगडता ठेवतो आणि त्यांना तो कळला नाही की त्यांच्या अभिरुचीला नावे ठेवतो. दिवा मिणमिणता ठेवायचा आणि मागच्यालाच आंधळा म्हणायचे, ही सवय आपल्याला प्राध्यापक-कक्षात लागली आहे. फियाटवर ती फक्त उघडी पडली.

'मग रात्री गाडी काढूच नका' या सल्ल्याचे उत्तर आषाढातल्या त्या दुपारने दिलेलेच आहे. न काढलेल्या गाडीचा मूळपणा अबाधित राहतो, हे खरे. न वाचलेल्या पुस्तकाचाही राहतो.

परवा पुन्हा त्या फियाटमागून मोटारसायकलवर येण्याचा योग आला. संध्याकाळ होती, पाऊस भुरभुरत होता. नाक्याच्या अलीकडे गाडीने ब्रेक दाबला आणि ते दोन इवलेसे दिवे लख्ख लाल झाले. काच जुनीच होती, उजेडही लालच होता. मी वेळेत थांबलो. सहकाऱ्यांना सांगायचे राहून गेले होते, म्हणून इथे लिहिले.